गाडीच्या अलार्मचं रिमोट कोडिंग: आधी काय, मग काय, आणि घोळ कुठे होतो

दुकानात येणारी तक्रार ठरलेली असते. रिमोट चालेना म्हणून बाजारातून तसाच दिसणारा नवा आणला, मोबाइलवर व्हिडिओ बघत कोडिंग (अलार्मला नव्या रिमोटची ओळख शिकवणं) केलं, नवा लागलाच नाही आणि घरातला दुसरा रिमोट चालत होता तोही बंद झाला. मग गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये केकाटत उभी, आणि वरच्या मजल्यांवरून माणसं डोकावतायत.

यात रिमोट खरोखर बिघडलेला असतो असं कमी वेळा होतं. तपासायच्या आधीच कोडिंगला हात घातलेला असतो. म्हणून इथे कोडिंग चौथ्या टप्प्यावर आहे. घाईत असाल तरी पहिले तीन टप्पे ओलांडू नका.

हे सगळं बाहेरून बसवलेल्या अलार्मबद्दल आहे. बेस मॉडेलच्या किंवा जुन्या गाडीला अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानातून सेंट्रल लॉकसोबत लावून घेतात तो. डॅशबोर्डखाली युनिट (अलार्मचा मुख्य डबा), बॉनेटखाली हूटर, दोन रिमोट आणि एक लुकलुकणारा दिवा. कंपनीतूनच रिमोटची चावी आली असेल तर गोष्ट वेगळी. त्या चावीत बहुधा दोन स्वतंत्र भाग असतात: दार उघडणारा रिमोट, आणि इंजिनाला परवानगी देणारी इमोबिलायझरची चिप. चिपला सेल लागत नाही. तिची नोंद करायला सहसा स्कॅनर लागतो आणि ते काम सर्व्हिस सेंटरचं. खालच्या पायऱ्या तिथे वापरू नका.

## टप्पा १: तयारी

१. युनिटचं मॉडेल बघा. हे युनिट बहुतेक वेळा स्टेअरिंगच्या खाली, पेडलच्या वरच्या अंगाला टायने बांधलेलं असतं. मोबाइलचा टॉर्च लावून त्यावरच्या स्टिकरचा फोटो काढा. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत कोडिंगची पद्धत वेगळी असते, त्यामुळे फक्त ब्रँडचं नाव कळून उपयोग नाही. माहितीपुस्तक याच मॉडेल नंबरवर शोधायचं.

> सावधान: डॅशबोर्डखाली पिवळ्या आवरणाच्या वायरी किंवा पिवळा कपलर (वायरी जोडणारा प्लग) दिसला तर हात लावू नका. ती सहसा एअरबॅगची वायरिंग असते.

२. व्हॅले स्विच शोधा. कोडिंग करायला आणि रिमोटशिवाय अलार्म बंद करायला हाच लागतो. काही ठिकाणी याला ओव्हरराइड स्विच म्हणतात. नखाएवढं बटण किंवा छोटा खटका, मुद्दाम लपवून लावलेला: फ्यूज बॉक्सजवळ, ग्लव्ह बॉक्सच्या मागे, स्टेअरिंग कॉलमच्या कव्हरखाली. सापडत नसेल तर उलटीकडून या. डॅशबोर्डवरच्या दिव्याच्या दोन बारीक वायरी युनिटच्या ज्या छोट्या कपलरात जातात, त्याच्या शेजारून बहुधा आणखी दोन निघतात. त्या धरून पुढे गेलं की स्विच मिळतो. बसवणाऱ्याने लपवला आणि मालकाला दाखवलाच नाही, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की नवीन अलार्म लावून घेणाऱ्याला माझं एकच सांगणं असतं: पैसे द्यायच्या आधी स्विच कुठे आहे ते बोट लावून दाखवायला सांगा.

३. सगळे रिमोट गोळा करा. घरातला दुसरा, ड्रायव्हरकडचा, सेल संपला म्हणून ड्रॉवरमध्ये टाकलेला, सगळे. कारण चौथ्या टप्प्यात येईल.

४. योग्य सेल आणा. जुन्या धाटणीच्या रिमोटमध्ये १२ व्होल्टचा बारीक नळकांड्यासारखा सेल असतो. त्यात २७ए आणि २३ए असे दोन प्रकार आहेत. लांबी जवळजवळ सारखी, साडेअठ्ठावीस मिलिमीटरच्या आसपास, पण २७एची जाडी ८ मिलिमीटर आणि २३एची १०.३. दाबून बसवायला गेलं की पत्रे वाकतात. जुना सेल खिशात घालूनच दुकानात जा. बटणसेलचा घोळ याहून वाईट. काही रिमोटमध्ये सीआर २०१६ चे दोन सेल एकावर एक असतात, मिळून ६ व्होल्ट. त्या जागी एक सीआर २०३२ अगदी चपखल बसतो, कारण जाडी तेवढीच होते, ३.२ मिलिमीटर. पण व्होल्टेज निम्मं. मग रिमोट गाडीला टेकवल्याशिवाय चालत नाही आणि दोष कोडिंगला मिळतो.

५. गाडीची बॅटरी मोजा. गाडी काही तास उभी असताना मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला की बॅटरी भरलेली. १२ च्या खाली असेल तर आधी चार्जिंग. कमजोर बॅटरीवर युनिट अर्धवट वागतं, आणि खरं कारण कळत नाही.

६. ड्रायव्हरची काच पूर्ण खाली, दुसरी चावी गाडीबाहेर. कोडिंग करताना युनिट मध्येच दारं लॉक करू शकतं. पहिली चावी इग्निशनला आणि तुम्ही बाहेर उभे, अशी वेळ येऊ देऊ नका.

तपासणी: मॉडेल नंबर, स्विचची जागा, सगळे रिमोट, ताजे सेल, उघडी काच, दुसरी चावी. एकही गोष्ट राहिली असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: आधी नीट वापरून बघा

ज्याला बिघाड समजतात ते पुष्कळदा अलार्मचं नेहमीचं वागणं असतं.

दिवा सावकाश लुकलुकतो म्हणजे अलार्म लागलेला आहे. दिवा सलग पेटून राहिला तर बऱ्याच मॉडेलांत त्याचा अर्थ व्हॅले मोड: दारं रिमोटने उघडतात-मिटतात, पण हूटर आणि इंजिन-बंदी झोपलेली. सर्व्हिसिंगला गाडी देताना हा मोड लावतात आणि परत काढायला विसरतात. मग मालक महिनोन्महिने अलार्म आहे असं समजून गाडी लावत राहतो.

बीप मोजायची सवय लावा. सर्वसाधारणपणे लॉकला एक, अनलॉकला दोन. अनलॉक करताना जास्त बीप आल्या तर तुमच्या मागे अलार्म वाजून गेलेला असतो. लॉक करताना जास्त आल्या तर एखादं दार, डिकी किंवा बॉनेट नीट लागलेलं नाही. तुमच्या मॉडेलचा हिशेब पुस्तकात बघून घ्या.

अनलॉक केलं आणि दार उघडलं नाही तर साधारण अर्ध्या मिनिटाने गाडी आपोआप पुन्हा लॉक होते. खिशात बटण दाबलं गेलं तर गाडी उघडी राहू नये म्हणून ही सोय आहे. "गाडी उघडते पण आपोआप पुन्हा लॉक होते" ही तक्रार बहुतेक हीच.

## टप्पा ३: दोष रिमोटात की गाडीत?

याचं उत्तर दुसरा रिमोट देतो.

दुसरा चालतो, पहिला नाही: दोष पहिल्या रिमोटात. बटण दाबल्यावर त्याचा बारीक दिवा लागतो का बघा. लागत नसेल तर उघडून सेलचे पत्रे पाहा. पावसाळ्यात, विशेषतः किनारपट्टीला, त्यांवर हिरवट गंज चढतो. खोडरबराने हलके घासा आणि पत्रा जरा वर उचला. दिवा लागतो पण गाडी ऐकत नाही, तर रोलिंग कोड पुढे गेला असेल. अशा रिमोटमधून दर दाबाला नवा कोड निघतो आणि युनिट पुढचे थोडेच कोड थेट मान्य करतं. कीलॉक नावाच्या प्रचलित पद्धतीत ते १६ असतात. पोराने घरात रिमोट खेळायला घेतला आणि पन्नास वेळा दाबला की रिमोट पुढे, गाडी मागे. उपाय सोपा आहे: गाडीजवळ उभं राहून तेच बटण सलग दोनदा, मध्ये सेकंदभर थांबून दाबा. पुष्कळ रिमोट इथेच परत ताळ्यावर येतात, कोडिंगची गरजच पडत नाही.

दोन्ही चालत नाहीत: मग गाडीकडे बघा. युनिटच्या लाल वायरवर फ्यूज असतो, तो आधी. फ्यूज गेलेला असेल तर त्याच अँपिअरचा घाला. मोठा घालू नका, चांदीचा कागद तर मुळीच नको.

दोन्ही चालतात, पण अगदी जवळूनच: युनिटमधून निघणारी एक सुटी, बारीक, पुढे कुठेच न जोडलेली वायर असते. ती अँटेना आहे. वायरिंग "नीटनेटकं" करायच्या नादात ती गुंडाळून जाड वायरींच्या जुडग्यात बांधली जाते आणि रेंज पार जाते. मोकळी, सरळ, पत्र्यापासून लांब ठेवा. कापून आखूड करू नका.

एकाच जागी चालत नाही: आपल्याकडचे बरेच रिमोट ४३३ मेगाहर्ट्‌झच्या आसपास चालतात, आणि गेटचे रिमोट, वायरलेस बेल वगैरेही तिथेच. गाडी दोन गल्ल्या पुढे नेऊन बघा. तिथे चालला तर रिमोटही ठीक, गाडीही ठीक.

तपासणी: या टप्प्यावर दोष सापडला असेल तर लेख इथेच थांबवा. कोडिंग फक्त तीन कारणांसाठी: नवा रिमोट जोडायचाय, हरवलेला रद्द करायचाय, किंवा युनिट सगळे रिमोट विसरलंय.

## टप्पा ४: रिमोट कोडिंग

आधी नवा रिमोट योग्य आहे ना ते बघा. बाहेरचं कव्हर बाजारात सुटं मिळतं, त्यामुळे दोन रिमोट दिसायला जुळे आणि आतून परके असू शकतात. फ्रिक्वेन्सी जुळली पाहिजे: ३१५ चा रिमोट ४३३ च्या युनिटला कधीच लागणार नाही. कोडची पद्धतही जुळायला हवी. रोलिंग कोडच्या युनिटला स्थिर कोडचा स्वस्त रिमोट हजारदा शिकवला तरी तो बहिऱ्यापुढे गायलेलं गाणं. स्टिकरवरच्या मॉडेल नंबरवरून रिमोट मागा, फोटो दाखवून नाही.

आता क्रम. सांगाडा बहुतेक अलार्मचा असाच असतो. दाबांची संख्या आणि सेकंद मात्र तुमच्या पुस्तकातले घ्या.

1. अलार्म अनलॉक करा. चालता रिमोटच नसेल तर आधी सातव्या टप्प्यातली पद्धत वापरा. आत बसा, दारं लावा, काच खालीच.
2. चावी "ऑन"वर आणा. इंजिन सुरू करू नका. डॅशबोर्डचे दिवे लागले की थांबा.
3. ठरलेल्या सेकंदांत व्हॅले स्विच ठरलेल्या वेळा दाबा. एकसारख्या लयीत, प्रत्येक दाब पूर्ण सोडून.
4. हूटरची बीप किंवा सलग पेटलेला दिवा, असं उत्तर आलं का बघा. आलं नसेल तर रिमोटचं बटण दाबू नका. चावी बंद करा, काही सेकंद थांबा, दुसऱ्या पायरीपासून पुन्हा.
5. पहिल्या रिमोटचं पुस्तकात दिलेलं बटण दाबा, बहुधा लॉकचं. बीप येईपर्यंत दुसऱ्या कशाला हात नको.
6. लगेच दुसरा, मग तिसरा. प्रत्येकाला स्वतंत्र बीप मिळाली पाहिजे.
7. चावी बंद करा आणि दिवा विझेपर्यंत वाट बघा.

बहुतेक जण चुकतात ते तिसऱ्या पायरीवर. स्विच हळू दाबला की मुदत संपते, घाईने दाबला की दोन दाब एक मोजले जातात. पुस्तकात पाच म्हटलं असेल आणि तुम्ही सहा दाबले तर तुम्ही कोडिंगऐवजी भलत्याच मेनूत शिरता. मग रिमोटचं बटण दाबल्यावर बीप येते, तुम्ही खूश, आणि बदललेली असते वेगळीच सेटिंग. गोंधळ वाटला तर सुधारत बसू नका, चावी बंद करून बाहेर पडा.

सगळे रिमोट गोळा का करायला सांगितले ते आता. अनेक युनिटांत कोडिंग सुरू झालं की जुनी यादी पुसली जाते. त्या बैठकीत शिकवलेले तेवढेच रिमोट शिल्लक राहतात. काहींत यादी पुसत नाही पण जागा मर्यादित असतात, बहुधा चार, आणि पाचवा आला की सर्वांत जुना बाहेर. तुमचं युनिट कोणत्या जातीचं हे माहीत नसेल तर पहिल्या जातीचं समजून चाला.

रिमोट हरवला असेल तर याच गोष्टीचा फायदा घ्या. यादी पुसणारं युनिट असेल तर उरलेला रिमोट पुन्हा शिकवला की हरवलेला मेला. न पुसणारं असेल तर उरलेला एकच रिमोट चार वेळा शिकवून सगळ्या जागा भरून टाकतात. काही युनिटं मात्र तोच रिमोट दुसऱ्यांदा घेत नाहीत. तिथे पुस्तकातली "सर्व रिमोट पुसा" ही पायरीच हवी. जुनी गाडी विकत घेतल्यावर हे पहिल्या दिवशी करा. आधीच्या मालकाने दोन रिमोट दिले म्हणजे दोनच होते असं नाही.

तपासणी: काच खालीच ठेवून, चावी खिशात घेऊन, बाहेरून प्रत्येक रिमोटचं प्रत्येक बटण दाबा. चारही दारं हाताने ओढून बघा. मगच काच वर.

## टप्पा ५: सेटिंग्ज, एका वेळी एकच

एक बदला, तपासा, मग दुसरी. तीन एकदम बदलल्या की कोणती नडली ते कळत नाही.

आपोआप लॉक. इंजिन बंद करून शेवटचं दार लावलं की अर्ध्या मिनिटाने अलार्म स्वतः लागतो. अलार्म लागणं ठीक. पण त्यासोबत दारंही लॉक होण्याचा पर्याय असेल तर तो बंद ठेवा. पेट्रोल पंपावर चावी इग्निशनला ठेवून हवा भरायला उतरलेले आणि काचेतून चावीकडे बघत बसलेले गृहस्थ मी पाहिलेत. त्यातले एक मी स्वतः.

दाराच्या मोटरचा वेळ. आपल्या नेहमीच्या इलेक्ट्रिक लॉकला सेकंदाहून कमी धक्का पुरतो. साडेतीन सेकंदांचा पर्याय जुन्या व्हॅक्यूम लॉकसाठी असतो. चुकून तो निवडला तर प्रत्येक लॉकला मोटर घरघरत राहते आणि तापते.

अँटी-हायजॅक. गाडी पळवली तर रिमोटने इंजिन बंद पाडायची सोय. माझं मत स्पष्ट आहे: बंद करून टाका. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की स्टेअरिंग जड होतं आणि ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो. खिशातलं एक चुकीचं बटण एक्स्प्रेस वेवर कुणाचा तरी जीव घेईल.

## टप्पा ६: शॉक सेन्सर

शेजाऱ्यांशी भांडणं इथून सुरू होतात. मांजर टपावर उडी मारते, ट्रक जातो, दिवाळीत सुतळी बाँब फुटतो, मिरवणुकीत ढोल-ताशा गाडीजवळून सरकतो आणि ओळीने उभ्या गाड्या एकापाठोपाठ बोंबलतात. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिमर्यादा ४५ डेसिबल आहे. हूटर त्याच्या कितीतरी वर जातो.

सेन्सर म्हणजे गाडीला बसलेला धक्का ओळखणारी, काडेपेटीहून लहान डबी, वर फिरवायचा बारीक स्क्रू. आधी ती घट्ट बसली आहे का बघा. वायरींना लोंबकळत असेल तर स्क्रू कितीही फिरवा, व्यर्थ आहे. पक्क्या पट्टीवर टायने आवळा.

मग स्क्रू सर्वांत कमीवर आणा. काचा बंद करून अलार्म लावा आणि मिनिटभर थांबा. सेन्सर लगेच जागा होत नाही, आणि लोक इथेच फसतात. गाडीच्या खांबावर मुठीच्या मऊ बाजूने मध्यम ठोका. काहीच झालं नाही तर अनलॉक करून स्क्रू किंचित, घड्याळातल्या एका तासाच्या अंतराएवढा फिरवा. पुन्हा तसंच. हलक्या ठोक्याला एखाद-दुसरी इशाऱ्याची बीप आणि जोरदार ठोक्याला पूर्ण हूटर, इथे थांबायचं. हलक्याला हूटर वाजला तर एक पाऊल मागे. काचेवर ठोकून तपासू नका.

> सावधान: सेन्सर कमी करूनही रात्री अलार्म वाजत असेल तर सेन्सरला सोडा. बॉनेटचा किंवा दाराचा पिन स्विच (उघडं की बंद हे युनिटला कळवणारा) बघा. पावसाळ्यात त्यात पाणी शिरतं, गंज धरतो आणि युनिटला वाटतं दार उघडलं. आतला दिवा "डोअर"वर ठेवून दारं लावा. दिवा मिणमिणत राहिला तर दोषी सापडला. बॉनेटच्या स्विचचा कपलर काढून एक रात्र बघा.

## टप्पा ७: हूटर वाजतोय, रिमोट मेलाय

हे गाडी घरी उभी असताना, दिवसाउजेडी एकदा करून बघा. शेजाऱ्यांना आधी सांगा.

1. चावीने दार उघडा. हूटर वाजेल. वाजू द्या.
2. चावी "ऑन".
3. व्हॅले स्विच पुस्तकात सांगितल्याप्रमाणे दाबा, बहुधा काही सेकंदांच्या आतच.
4. हूटर थांबला की इंजिन सुरू करा.

पहिल्या खेपेला जमलं नाही तर चावी बंद करून पुन्हा. घाबरून बॅटरीची तार काढू नका. काही हूटरना आत स्वतःची बॅटरी असते. मुख्य बॅटरी सुटली की चोरच आला असं समजून ते जास्तच जोरात वाजतात, आणि बंद करायला त्यांची वेगळी छोटी चावी लागते. ती चावी बसवताना मिळालेल्या खोक्यात असते, आणि खोकं बहुतेक घरांत रद्दीत गेलेलं असतं.

स्विचची जागा, किती वेळा दाबायचा, फ्यूज कुठे आणि किती अँपिअरचा, हे चार ओळींत लिहून आरसीच्या फोटोशेजारी मोबाइलमध्ये ठेवा. ग्लव्ह बॉक्समध्ये नको. ज्या दिवशी तो कागद लागेल त्या दिवशी गाडी बंद असेल.